भाग क्रमांक एकशे त्रेसष्ट

शाळेची घंटा झाली की मी दारांच्या घंट्या वाजवत निघते.
पिशवीत यादी: एक हजार एकशे बारा मतदार,
फोटो असे, की सगळे एकाच आजारातून उठलेले.
यादीच्या माथ्यावर चतुःसीमा.
उत्तरेस नाला. पूर्वेस बायपास. दक्षिणेस शासकीय पडीक.
पश्चिमेस काहीच छापलेलं नाही.
पश्चिमेस इंदूर.

हे इंदूर नव्हतंच. हे खजूरखेडी,
काळी माती, हरभरा, खात्यांची आणि बलायांची घरं,
एक तेल्याचं.
कैलाशबा सांगतात, पहिल्या याद्या झाल्या तेव्हा
आईने दाराआडूनच सांगितलं,
‘लिख ले, भेरूलाल की घरवाली.’
लिहिलं.
मग वरून हुकूम आला, बिननावाची बाई मतदार नाही,
आणि एका रेघेत
गावभरच्या घरवाल्या खोडल्या गेल्या.
पुढच्या खेपेला ती आपण होऊन चावडीवर गेली
आणि म्हणाली, गेंदी.
कैलाशबांनाही तोवर ते नाव माहीत नव्हतं.

नंतर रेघाच रेघा.
एकदा नाल्याकाठची ओढली आणि गाव
शेजारच्या मतदारसंघाच्या शेपटीला गेलं.
तिथल्या खासदाराला वाटे, हे इथल्याचं;
इथल्याला वाटे, गेली ब्याद.
एक रेघ तर कैलाशबांच्या अंगणातून.
धाकटा भाऊ रातोरात दुसऱ्याचा मतदार झाला,
म्हैस समाईक राहिली.

मग शेतात चुन्याच्या फक्क्या पडल्या.
मिल बंद पडली, तिचे पैसे आले नाहीत,
कामगार आले: गादी पिंजणारे मन्सूरी,
उन्नाव-रायबरेलीचे, दोन पिढ्या भोंग्यावर उठलेले,
जे अजूनही सहाला जागे होतात आणि नुसते बसतात.
लालवानींची बेकरी आली, वर तीन मजले,
एका किचनमध्ये नऊ मतं.
केरळची नर्स ॲलियम्मा, नाव यादीत तीन तऱ्हांनी चुकलेलं,
तिन्ही वेळा तिने हसून सही केली.

आणि आम्ही. ताटके, रेशिमवाले, मुंगरे.
पत्र्याची कमान, गणपतीतलं नाटक,
चहाबरोबर शेव, आणि तक्रार
की आता कोणकोण येऊन राहायला लागलंय, भिया.
मुंगरेकाका यादीवर बोट फिरवतात, नावं मोजतात,
आडनावांची बेरीज करून उमेदवार सांगतात.
‘आपण इथले जुने,’ म्हणतात.
जुने म्हणजे, होळकरांच्या घोड्यांमागून कारकून,
कारकुनांमागून पुरणयंत्रं.
त्या स्थलांतराला कुठला फॉर्म भरला होता
हे मी काकांना विचारत नाही. चहा घेते.

शेवटचं घर घर नाही.
दहा मजली इमारत, अर्धी; तिची राखण करणारी थावरी,
अलीराजपूरकडची, नवरा सेंट्रिंगवर होता,
आता नाही. नाव तिने न विचारता सांगितलं.
वय म्हणाली, तुम्हीच लिहा.
घर क्रमांक?
तिने वर बघितलं, कुठल्या मजल्यावर बोट ठेवावं कळेना.

बेघराची नोंद करताना नियम आहे,
रात्री जाऊन पाहावं, तो तिथेच निजतो ना.
अकरा वाजता गेले, मोबाइलचा उजेड हाताने झाकत.
चौथ्या मजल्यावर, कुणाच्या तरी होणाऱ्या हॉलमध्ये,
टाइल्सच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून ती झोपली होती,
पोर कुशीत, चपला उशाशी.
पुरावा म्हणून एवढं पुरतं.
शून्य लिहिलं, रकाना तेवढाच असतो.
मग बराच वेळ जिन्यात बसून राहिले.
कठडा अजून लागलेला नव्हता.
पश्चिमेस, जिथे काहीच छापलेलं नाही,
तिथे दिवे होते.